रक्तवाढीची गोळी आणि पोटाचं ऑपरेशन

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

अभ्यासवर्गाच्या पत्रकात हा विषय छापून आला तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय. ‘वजन उतरवायचं ऑपरेशन? अगं, ती श्रीमंतांची दुखणी. आपल्या बायकांना दोन वेळ पोटभर मिळायची मारामार, आणि तू पोट लहान करण्यावर काय बोलणार?’ प्रश्न चुकीचा नाही. काही वर्षांपूर्वी मीही तोच विचारला असता. एम.एस.डब्ल्यू. होऊन मी एका मोठ्या इस्पितळाच्या समाजसेवा विभागात लागले, तेव्हा या ऑपरेशनसाठी येणाऱ्या बायकांकडे मी जरा तिरक्या नजरेनंच पाहायचे. आज इथे ते कबूल करते.

पण त्या कोण होत्या ते ऐका. एक नर्स होती, रात्रपाळ्या करून करून वजन वाढलेली. एक बँकेतली कारकून. मार्केट यार्डात नवऱ्याबरोबर गाळ्यावर बसणारी एक. आणि दोन-तीन लग्नाच्या वयाच्या मुली, ज्यांच्या आयांनी दागिने मोडून पैसे उभे केलेले, कारण स्थळं ‘मुलगी जाड आहे’ म्हणून परत जात होती. गुडघे गेलेल्या, साखर वाढलेल्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या बायका. श्रीमंत त्यातल्या मोजक्याच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे वाढला. त्याच पाहणीत २३.४ टक्के बायकांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. हे दोन आकडे आपण दोन वेगळ्या बायकांचे समजतो: एक हडकुळी, पिवळी पडलेली, खेड्यातली, दुसरी गुटगुटीत, शहरातली, ‘खाऊन-पिऊन सुखी’. पण निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असेल, तर जाड बायका काय सगळ्याच त्यातून सुटल्या? तसं नसतं. पोट भरतं भातानं, चपातीनं, बटाट्यानं, चहा-बिस्किटानं. त्यानं वजन वाढतं, लोह वाढत नाही. घरात मटण शिजलं तर फोडी कुणाच्या ताटात जातात, ते इथे कुणाला सांगायला नको.

आता एका बाईची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीनं सांगते, पण नाव-गाव सांगणार नाही. तालुक्याच्या गावी ती ब्लाऊज शिवायची. वय चौतीस, दोन मुलं. वजन एकशे बारा किलो, मधुमेह, आणि गुडघे इतके दुखायचे की मशीनचं पायडल मारवेना. शहरातल्या एका खासगी इस्पितळात तिचं गॅस्ट्रिक बायपास झालं. अर्धे पैसे भावानं दिले, अर्ध्यांसाठी तिनं स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवल्या. ऑपरेशन उत्तम झालं. मी या ऑपरेशनविरुद्ध बोलायला उभी नाही, म्हणून हेही सांगायला हवं की वर्षभरात तिचं चाळीस किलो वजन उतरलं, साखरेची औषधं जवळजवळ बंद झाली, पाय चालायला लागले. ती म्हणायची, ‘ताई, मला दुसरा जन्म मिळाला.’

दोन वर्षांनी ती आमच्या केंद्रात आली ती भलत्याच कारणानं. कौटुंबिक तक्रार म्हणून. नवरा म्हणत होता, ‘हिच्यावर एवढा खर्च केला आणि आता ही दिवसभर लोळून असते. काम करत नाही, नखरे करते.’ खर्च कुणी केला होता ते वर सांगितलंच. नोंद घेताना आमची कार्यकर्ती विचारत गेली. दोन पायऱ्या चढल्या की छाती धडधडते. केस मुठी-मुठीनं जातात. ब्लाऊजची गिऱ्हाईकं तुटली, कारण दिलेल्या तारखेला काम होत नाही. आणि बोलता बोलता ती हळूच म्हणाली, ‘मला एक घाण सवय लागलीय. फ्रीजमधला बर्फ खाते. रात्री उठून खाते. सासू हसते.’

मैत्रिणींनो, ही सवय नाही, लक्षण आहे. लोह फार कमी झालं की काही जणींना बर्फ, माती, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल असलं काहीबाही खावंसं वाटतं. आपल्या आया-आज्या माती खाणाऱ्या सुनेला ‘डोहाळे’ म्हणायच्या नाहीतर ‘खोड’ म्हणायच्या. तिचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहाच्याही खाली.

तिच्याकडे डिस्चार्जचा कागद जपून ठेवलेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागे. सगळा इंग्रजीत. त्यात लोहाची गोळी लिहिलेली होती. पुढे तीन महिन्यांनी दाखवायला या, एवढंच. गोळी कुठवर घ्यायची, ते लिहिलं नव्हतं. तिनं तीन महिने घेतली. मग पाकीट संपलं. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, ‘आता पुरे, उष्णता होते.’ तिलाही संडासला घट्ट व्हायचं, काळं व्हायचं, भीती वाटायची. बंद केली. आणि जे तीन महिने घेतली तेही कसे? सगळ्या गोळ्या एका डब्यात. सकाळी चहाबरोबर सगळ्या एकदम: लोह, कॅल्शियम, ॲसिडिटीची. म्हणजे घेतली तेव्हाही तिला त्यातलं फारसं लागू पडलंच नसणार.

त्या इस्पितळाला नावं ठेवून मी मोकळी होऊ शकत नाही. मी ज्या टेबलाशी बसायचे तिथूनही असे कागद गेले आहेत. बाईची सही आहे का, बिल भरलं का, घरी न्यायला कोण आलंय, एवढं मी पाहायचे. ‘हा कागद तुम्हाला समजला का?’ हे मी विचारायचे, आणि त्या मान हलवायच्या. मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे, हे मला शिबिरात शंभरदा शिकवलेलं होतं. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर विसरले.

आता हे लोहाचं प्रकरण नेमकं काय आहे, ते पाहू. डॉक्टरी शब्दांना घाबरू नका.

आपण खातो त्यातलं लोह मुख्यतः कुठे शोषलं जातं? जठर संपून लहान आतडं सुरू होतं, त्या पहिल्या वीतभर भागात आणि त्याच्या लगेच पुढच्या भागात. तिथे पोचण्याआधी जठरातलं आम्ल लोहाला शोषलं जाण्याजोगं करून देतं. म्हणजे दोन गोष्टी लागतात: जठरातलं आम्ल आणि ती वीत. बायपासमध्ये जठराचा अंड्याएवढा कप्पा ठेवून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. आम्ल नावापुरतं राहतं, आणि अन्न ती वीत ओलांडून, वळसा घालून जातं. आपल्याकडे मिनी बायपासही बरंच होतं, त्यात तर आतड्याची आणखी लांब पट्टी वगळली जाते. स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनमध्ये रस्ता बदलत नाहीत, पण जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात. म्हणून आम्ल तिथेही कमी होतं. ‘माझं स्लीव्ह झालंय, मला गोळ्या नकोत’ असं म्हणणाऱ्या बायका भेटतात. ते खरं नाही. धोका बायपासमध्ये जास्त, पण स्लीव्हमध्ये नाही असं नाही.

शिवाय खाणंच दोन घासांचं होतं. मटण-चिकन बऱ्याच जणींना ऑपरेशननंतर कित्येक महिने घशाखाली उतरत नाही.

इथपर्यंत बाई-पुरुष सारखेच. फरक पुढे आहे. पुरुषाच्या अंगातून लोह बाहेर जायला फारशी वाट नसते. बाईची पाळी असते. एका मिलीलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. साध्या पाळीत तीस-चाळीस मिलीलिटर रक्त गेलं तर पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह गेलं. ऐंशीच्या वर गेलं, म्हणजे ज्याला जास्त अंगावरून जाणं म्हणतात, तर चाळीस मिलिग्रॅम. दर महिन्याला. येण्याचं दार अर्धं बंद केलं आणि जाण्याचं सताड उघडं, असा हा हिशेब आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या या शल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २०१६ साली सुधारून दिलेल्या मार्गदर्शिकेत ज्याला पूर्वी रक्तक्षय नव्हता अशा पुरुषाला रोज १८ मिलिग्रॅम लोह सांगितलं, आणि पाळी येणाऱ्या बाईला ४५ ते ६०. बायपास किंवा स्लीव्ह झालेल्यांनाही तेवढंच. तिप्पट! इतका फरक ज्या औषधात आहे, त्याबद्दल वेगळं बसून बोलायला नको? पण मी पाहिलेल्या छापील कागदांवर बाईला आणि पुरुषाला एकच ओळ होती.

ऑपरेशनच्या आधीची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे, आणि ती कुणीच सांगत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होतं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी शरीरातला साठा संपत आलेला असतो. हा साठा पाहायला फेरिटिन नावाची तपासणी असते. घरातला पिंप रिकामा होत आलेला असतो आणि आपण नळाला पाणी येतंय म्हणून निर्धास्त असतो, तसं. त्यात स्थूल शरीरात एक वेगळी भानगड आहे. अशा शरीरात बारीक सूज कायम असते. त्या सुजेमुळे हेप्सिडिन नावाचं द्रव्य वाढतं, ते लोह आत घ्यायला अडवतं. आणि त्याच सुजेमुळे फेरिटिनचा आकडा मात्र खोटा वर चढलेला दिसतो. लोह कमी, आकडा बरा! जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये म्हटलंय की निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन १५ च्या खाली गेलं तर कमी समजावं, पण सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर ७० च्या खालीच कमी समजावं. म्हणून फेरिटिनच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही तपासणीही करायला सांगायची. ती वीस टक्क्यांच्या खाली असेल तर आकडा बरा दिसला तरी विचारायचं.

तेव्हा बाई ऑपरेशनला निघाली असेल तर आपण तिला म्हणायचं: आधी साठा भर. कमी असेल तर दोन-तीन महिने गोळ्या घे, नाहीतर शिरेतून घे, मग ऑपरेशन कर. हे काही पेटलेलं घर विझवायचं नाही, ठरवून करायचं ऑपरेशन आहे. तारीख पुढे जाऊ शकते. प्रत्यक्षात काय होतं? पैसे जमलेले असतात, नवऱ्याची रजा ठरलेली असते, ‘पॅकेज’ची मुदत असते. बाईच्या रक्तासाठी तारीख पुढे ढकला म्हणायला घरात जीभ उचलत नाही. तिथे आपण बरोबर गेलो तर फरक पडतो. मी स्वतः दोनदा गेले आहे. दोन्ही वेळा डॉक्टरांनी न कुरकुरता तारीख बदलली. कुरकुर घरच्यांनी केली.

आणखी एक. रक्त कमी म्हणजे लोहच कमी, असं गृहीत धरू नका. सिंधी, कच्छी, पंजाबी आणि इतरही समाजांत थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार आढळतो, विदर्भात आणि आदिवासी भागात सिकलसेल आहे. अशा बाईला तपासणी न करता लोह देत राहणं बरोबर नाही. शिवाय शाकाहारी बायकांत बी-१२ आधीच कमी असतं आणि ऑपरेशननंतर आणखी कमी होतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर त्याचीही तपासणी.

आता गोळी कशी घ्यायची. हे लिहून घ्या, गटात सांगायला लागेल.

पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा पुष्कळदा क्षाराचा असतो, लोहाचा नाही. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या कोरड्या गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅम असतं. बारीक अक्षरात ‘एलिमेंटल आयर्न’ किती ते पाहायचं. मुला-मुलींना वाचायला लावायचं, त्यांनाही कळेल. ज्या गोळीवर आतड्यात विरघळायचं आवरण असतं किंवा जी दिवसभर हळूहळू विरघळते, ती या बायकांना उपयोगाची नाही, कारण ती विरघळेपर्यंत लोह शोषणारा भाग मागे पडलेला असतो.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही. निदान दोन तासांचं अंतर. दोन्ही गोळ्या ऑपरेशननंतर लागतातच, म्हणून डबे दोन करायचे. दूध, दही, ताक यांबरोबरही लोह नको. ॲसिडिटीची गोळी, पँटोप्राझोल वगैरे, ऑपरेशननंतर काही महिने देतात. तिनं आम्ल आणखी कमी होतं. डॉक्टरांनी जेवढे महिने सांगितली तेवढेच घ्यायची, आणि ती कधी बंद करायची ते विचारायचं. मी भेटलेल्या कित्येक जणी ती वर्षानुवर्षं घेत होत्या, कुणी बंद कर म्हटलं नाही म्हणून.

आणि चहा! चहात जे तुरट द्रव्य असतं ते लोहाला धरून ठेवतं. आपल्याकडे गोळी म्हटली की चहाच्या घोटाबरोबर. सकाळी उठल्यावर बाईला बसायला मिळतं ते चहाच्या कपापुरतं, म्हणून गोळीही तेव्हाच आठवते. हे मला कळतं. पण गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहा दोन तासांनी. सकाळी जमत नसेल तर रात्री झोपताना घ्या. रिकाम्या पोटी मळमळलं तर दोन घास खाऊन घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण न घेण्यापेक्षा बरं.

अळिवाचे लाडू, गूळ, लोखंडी कढई, पालेभाज्या यांना मी नाही म्हणत नाही. पण अळिवाच्या लाडवावर हे भागणार नाही. भाकरीत, डाळीत, पालेभाजीत जे लोह असतं ते एरवीही थोडंच शोषलं जातं. ज्या बाईचं पोट अर्ध्या वाटीत भरतं आणि ती वीत वगळलेली आहे, तिला ‘पालक खा’ म्हणणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. घरच्या अन्नावरची आपली श्रद्धा इथे आवरायला हवी.

‘उष्णता’ म्हणतात ती म्हणजे बद्धकोष्ठ, जळजळ, मळमळ. हे खरंच होतं, बाईचे चोचले नाहीत. ऑपरेशननंतर पाणी एकदम पिता येत नाही, त्यामुळे जास्त होतं. घोट-घोट दिवसभर पाणी, आणि डॉक्टरांना सांगून गोळीचा प्रकार बदलून घेणं हा उपाय. बंद करणं हा उपाय नव्हे. मल काळपट होतो तोही गोळीचा रंग. पण डांबरासारखा चिकट, काळा आणि फार घाण वास येणारा मल झाला तर तो गोळीचा नाही. आत रक्त जात असू शकतं, लगेच दाखवायचं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. बायपासनंतर वेदनाशामक गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, टाळायला सांगतात. जोडावर जखम होऊन रक्त जाऊ शकतं. पाळीत पोट दुखतं म्हणून दुकानातून आणतात ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळीही त्याच जातीची आहे. हे बायकांना माहीत नसतं, कारण त्यांच्या लेखी ती ‘पाळीची गोळी’, औषध नव्हेच. पॅरासिटामॉल चालतं.

आणि घरात लहान मूल असेल तर या गोळ्या उंचावर, झाकण घट्ट लावून ठेवा. लाल, गोड आवरणाची गोळी मुलांना गोळीच वाटते. चार-दोन जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेतू शकतं.

आता पाळीकडे येते. हा भाग आपल्या गटांचा आहे, कारण शस्त्रक्रियेच्या विभागात पाळीबद्दल बोलायला कुणाला वेळ नसतो आणि बायकाही तिथे तोंड उघडत नाहीत. ज्यांना पीसीओडी आहे अशा कित्येक जणींना ऑपरेशनआधी चार-चार महिने पाळी येत नाही. वजन उतरलं की ती नियमित येऊ लागते. घरात आनंद होतो, आता मूल होईल म्हणून. आनंद व्हावा, पण त्याच दिवसापासून दर महिन्याला लोह जायला लागलं, याचा हिशेब कुणी करत नाही. गर्भधारणाही अचानक होऊ शकते. डॉक्टर ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. ते ‘सांगणं’ सुनेला सांगितलेलं असतं, सासूला नाही. मग थांबायचं कसं? बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचं शोषण भरवशाचं राहत नाही. सरकारी दवाखान्यात सहज आणि फुकट मिळते ती तांबी. तांबीनं काही जणींना अंगावरून जास्त जातं. ज्या बाईचं लोह आधीच उतरलंय तिला तांबी बसवायची तर विचार करून, रक्त तपासत राहून. संप्रेरकाची तांबी असते तिनं रक्तस्राव उलट कमी होतो, पण ती महाग. पैसा कुठे आडवा येतो बघा.

आणि जास्त अंगावरून जातं म्हटलं की आपल्या राज्यात एक सोपं उत्तर तयार असतं: पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये सगळीकडे गाजला, तेव्हा ते उत्तर किती सहज दिलं जातं ते आपण पाहिलं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला रक्त कमी म्हणून दुसरं ऑपरेशन सुचवलं गेल्याचं मी एकदा ऐकलं, आणि त्या बाईचं फेरिटिन कुणी तपासलेलंही नव्हतं.

पैशाचं बोलते. ऑपरेशनला घर पैसे उभे करतं, कारण तो एकदाचा खर्च असतो, दिसणारा असतो, त्याचं फळ चारचौघांत दिसतं. गोळीचा खर्च दर महिन्याला, जन्मभर, आणि त्याचं फळ दिसत नाही. महिनाअखेरीला काही कमी करायचं तर बाई पहिल्यांदा स्वतःची गोळी कमी करते. तिला कुणी सांगावंही लागत नाही. विम्याचे पैसे बहुधा इस्पितळात असेपर्यंतच. म्हणून मी आता प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारते: ‘गोळ्यांचे पैसे कुणाच्या हातात असतील?’ नवरा, सासू, भाऊ सगळे समोर बसलेले असताना विचारते. उत्तर मिळायला वेळ लागतो.

फुकट गोळीचीही सोय आहे, ती बऱ्याच जणींना माहीत नाही. उपकेंद्रात आणि आशाताईंकडे जी लाल गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ती गरोदर बाईला रोज, आणि गरोदर नसलेल्या, मुलं होण्याच्या वयातल्या बाईला आठवड्याला एक, अशी ठरवलेली आहे. ऑपरेशन झालेल्या बाईला रोज लागते, आणि तिचा रकाना आशाताईंच्या वहीत नाही. पण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना डिस्चार्जचा कागद दाखवून लिहून मागता येतं. आमच्या ओळखीच्या दोघींना असं मिळालं. भांडावं लागलं नाही, फक्त तीन हेलपाटे पडले.

गोळ्यांनी साठा भरत नसेल तर शिरेतून लोह द्यावं लागतं. आयर्न सुक्रोज असेल तर थोडं थोडं करून अनेक वेळा, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर एका वेळी बरंच देता येतं. दुसऱ्या प्रकारात काही जणींचं रक्तातलं फॉस्फेट खूप उतरतं, हाडं-स्नायू दुखतात, तेव्हा पुन्हा पुन्हा द्यायचं असेल तर त्याची तपासणी मागायची. क्वचित ॲलर्जी येते, म्हणून हे सोय असलेल्या ठिकाणीच घ्यायचं, गल्लीतल्या दवाखान्यात ‘ताकदीचं सलाईन’ म्हणून नाही.

शिवणकाम करणारी ती बाई. तिला तीन वेळा शिरेतून लोह दिलं. बर्फ खाणं आठ-दहा दिवसांतच थांबलं, त्याचं तिला सगळ्यात नवल वाटलं. हिमोग्लोबिन अकराच्या वर यायला तीन महिने लागले. तक्रार अर्ज तिनं मागे घेतला नाही, आणि आम्हीही घ्यायला सांगितलं नाही. रक्त वाढल्यानं नवऱ्याचं बोलणं बदललं असं झालं नाही. पण ती आता उत्तर देते. लोहाच्या गोळ्यांचा डबा मशीनच्या ड्रॉवरमध्ये, कॅल्शियमचा स्वयंपाकघरात. पाटल्या अजून गहाणच आहेत.

आपल्यातही या विषयावर मतभेद आहेत, ते मला माहीत आहेत. काहींचं म्हणणं, बाईचं शरीर कापून बाजारात चालेल असं बनवण्याच्या या धंद्याला आपण हात का लावायचा. लग्नासाठी पोट कापून घेणारी बावीस वर्षांची मुलगी समोर बसते तेव्हा माझ्याही पोटात कालवतं. पण मधुमेहानं डोळे जायला आलेली बाई समोर बसते तेव्हा मी तिला काय सांगू? निर्णय तिचा. मात्र सही करण्याआधी तिला कळलंच पाहिजे की ऑपरेशन दोन तासांचं आणि गोळ्या जन्मभराच्या, तिच्या भाषेत, आणि घरच्यांच्या समोर. आमच्या केंद्रात आम्ही मराठीत एक पानी कागद केलाय. दोन डबे, दोन वेळा, चहाचं चित्र फुली मारून. तो परिपूर्ण नाही, तुमच्याकडे चांगल्या सूचना असतील तर द्या.

तपासण्या केव्हा करायच्या ते फळ्यावर लिहिते: ऑपरेशनआधी, मग तीन महिन्यांनी, मग वर्षभर दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर दर वर्षी एकदा. नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि बी-१२ सुद्धा. उतरवून घ्या, मग प्रश्न घेऊ. सकाळपासून मागच्या रांगेत एक ताई हात वर करून आहेत, पहिला प्रश्न त्यांचा.